तिरफळबाईंच्या तिसऱ्या

तिरफळबाई रागावल्या की आधी चष्मा काढायच्या. चष्मा टेबलावर उपडा ठेवायचा, पदराने नाक पुसायचं आणि मग सुरुवात करायची. एकदा मी धीर करून विचारलं, की बाई, चष्मा का काढता? तर म्हणाल्या, "समोरच्याचं तोंड नीट दिसलं की मला दया येते. दया आली की मुद्दा राहून जातो." आमच्या प्राणिशास्त्र विभागात चष्मा उपडा दिसला की शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे काहीतरी काम काढून बाहेर सटकत.

नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ चुकून दाताखाली आलं की जीभ बराच वेळ आपली राहत नाही. बाईंचं बोलणं तसंच. नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते आवडलंही असावं, कारण त्या नावावरून त्या कधी कोणाला बोलल्या नाहीत. इतर सगळ्या गोष्टींवरून बोलल्या.

लोक अजून भेटतात आणि म्हणतात, बाई फार रागीट हो. होत्या. पण बाईंना राग यावा असं आजूबाजूला काय काय चाललं होतं, ते कोणी बोलत नाही. रागावलेलं माणूस लक्षात राहतं आणि रागाचं कारण विसरलं जातं, ही सोय फार चांगली आहे. मी ती सोय कोणाला मिळू द्यायची नाही असं ठरवलंय, म्हणून हे लिहायला बसले.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हा मी एम.एस्सी. करून त्यांच्या हाताखाली संशोधन साहाय्यक म्हणून लागले. बाईंचा विषय होता तिसऱ्या. खाडीच्या चिखलात मिळणारी, शिंपल्यातली, रत्नागिरीतल्या अर्ध्याअधिक घरांत ओल्या खोबऱ्यात शिजणारी साधी तिसरी. काळबादेवी, भाट्ये, पूर्णगड, आणि आडवणे नावाच्या एका गावाची लहानशी खाडी, अशा वेगवेगळ्या खाड्यांतल्या तिसऱ्या दिसायला सारख्या असल्या तरी आतून सारख्या आहेत का, हे बाईंना बघायचं होतं. त्यासाठी तिसरीच्या मांसाचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा, त्याचे ठरावीक भाग यंत्रात वाढवायचे आणि जेलीच्या पातळ थरातून विजेच्या ओढीने पळवायचे. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. जांभळ्या दिव्याखाली धरलं की नारिंगी पट्ट्या चमकतात. त्या पट्ट्यांना आम्ही मार्कर म्हणत असू, म्हणजे ओळखीच्या खुणा.

माझं घर शाकाहारी. आईने पहिल्याच आठवड्यात नियम करून टाकला. "आधी विहिरीवर जा, अंग धू, मग पायरी चढ. काय वास मारत्येस गो!" बाई एकदा आमच्याकडे आल्या तेव्हा आईने कोकम सरबत पुढे करत विचारलं, "तुम्ही तिसऱ्यांची पत्रिका बघता म्हणे?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग जुळतात का गुण?"

"भाट्ये आणि काळबादेवीचं छान जमतं. आडवण्याच्या मुलीचं मात्र कुठेच जुळत नाही."

बाई मोठ्याने हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं मोकळं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. पण त्या जे म्हणाल्या ते खरंच होतं. आडवण्याच्या तिसरीत अशा काही पट्ट्या दिसायच्या, की ज्या दुसऱ्या कुठल्याही खाडीत आम्हाला सापडल्या नाहीत.

बाईंचा दिवस घड्याळावर नव्हता, पाण्यावर होता. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोल जाते, तेव्हाच चिखल उघडा पडतो आणि तेव्हाच नमुने मिळतात. प्राचार्यांनी अमावास्येला मीटिंग लावली की बाई जात नसत. कारण विचारलं तर सांगत, "पाणी मीटिंगसाठी थांबेल का ते विचारून घ्या, मग येते." साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या आडवण्याच्या बायकांबरोबर चिखलात उतरायच्या आणि पायाच्या बोटांनी तिसरी चाचपायच्या. बाईंचे वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. चिखलाची किळस त्यांना माहीतच नव्हती. किळस यायची ती हात न भिजवता बोलणाऱ्यांची.

बाईंचा एक नियम म्हणजे एक तिसरी, एक बाटली. दोन तुकडे एका बाटलीत टाकले की त्या बाटलीतून काय निघेल ते कोणाचं, हे कळायला मार्ग नाही. नाव पेन्सिलीने लिहायचं, कारण तुकडे अल्कोहोलात ठेवलेले असत आणि ते सांडलं की पेनाची शाई पुसली जाते. पहिल्या दिवशी मी पेन काढलं, आणि बाईंनी चष्मा काढला. पुढे काय झालं ते सांगत नाही, पण मी अजूनही किराण्याच्या डब्यांवर पेन्सिलीनेच लिहिते.

आणि सगळ्यात कडक नियम होता, बाजारातून नमुना आणायचा नाही. कितीही घाई असो, पाऊस असो, ताप असो. कारण रत्नागिरीच्या मासळीबाजारात आडवण्याच्या तिसऱ्यांचं नाव होतं, चवीला सरस म्हणून. त्यामुळे कुठल्याही टोपलीसमोर उभं राहून "कुठल्या गो?" विचारलं, तर उत्तर एकच यायचं, "आडवण्याच्याच बाय, सकाळी काढलेल्या." टोपलीत वर भाट्ये असे, मधे पूर्णगड असे, तळाला आणखी कुठली तरी खाडी असे. यात फसवाफसवी अशी कोणाला वाटत नसे. गिऱ्हाईक आडवणे म्हणतं, तर विकणारी आडवणे म्हणते, आणि शिजवून खाणाऱ्याचं काही बिघडत नाही. बाई म्हणत, "बाजारातली तिसरी खाडीची नसते, टोपलीची असते. खायला आणा. अभ्यासाला आणलीत तर याद राखा."

डीएनए वाढवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आम्हाला ते मेहेरबानी म्हणून वापरायला मिळायचं, तेही तिथल्या मुलांचं काम झाल्यावर. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन आम्ही एसटीने घाट चढायचो. एकदा कंडक्टरने नाक वर करून विचारलं, "बाई, पेटीत काय? दारूचा वास येतोय."

"तिसऱ्या आहेत."

"दारूत?"

"होय. आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारताय. तिकीट द्या."

अख्खी गाडी हसली. बाई हसल्या नाहीत. पेटीतला बर्फ पुण्यापर्यंत टिकेल का, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

आडवण्याच्या बायकांना हे सगळं काय चाललंय ते कळावं असं बाईंना वाटे. त्यांनी एकदा बाटल्या गावात नेल्या आणि देवळाच्या पारावर मांडल्या. म्हणाल्या, "तुम्ही भात लवकर येणारं हळवंही लावता आणि उशिराचं गरवंही लावता. का? पाऊस कधी लवकर जातो, कधी रेंगाळतो. एक गेलं तर दुसरं हाताशी लागतं. तसंच खाडीचं आहे. सगळ्या तिसऱ्या एकसारख्या असत्या तर एकाच वर्षी सगळ्या गेल्या असत्या. तुमच्या खाडीतली तिसरी वेगळी आहे आणि तिचं वेगळेपण या बाटल्यांत लिहिलेलं आहे." शेवंताकाकी म्हणून एक म्हातारी होती, तिने बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. बाईंनी तिला घाई केली नाही.

मग ती योजना आली. खाडीतलं उत्पन्न वाढवायचं, त्यासाठी दक्षिणेकडून तिसऱ्यांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, आणून आमच्या खाड्यांत सोडायचं, आणि सुरुवात आडवण्यापासून, कारण आडवण्याचं नाव मोठं. कागदावर सगळं सुरेख होतं. बाईंनी विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पावसाळ्यात आडवण्याची खाडी डोंगरातून येणाऱ्या पाण्याने पार गोडी होते. इथल्या तिसऱ्या ते सोसतात. बाहेरचं बीज सोसेल याची कोणालाही खात्री नाही. आणि एकदा दोन्हींची सरमिसळ झाली की मूळची कुठली, हे पुन्हा कधीच सांगता येणार नाही. "या पट्ट्यांमुळेच ती जगते असं मी म्हणत नाही," त्या पुन्हा पुन्हा सांगत. "ती वेगळी आहे, एवढंच म्हणते. का वेगळी ते कळेपर्यंत तिच्या अंगावर दुसरी सोडू नका. थोडी वर्षं द्या."

योजनेचे प्रमुख होते एक साहेब. नाव घेत नाही. गोड बोलणारे, शर्टाला कधी सुरकुती नसलेले. ते म्हणाले, मॅडमच्या म्हणण्याचा आम्ही आदर करतो, आमचे तज्ज्ञ स्वतः नमुने घेऊन खात्री करतील. बाईंना बरं वाटलं. त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा लिहून पाठवल्या, कोणत्या दिवशी किती वाजता चिखल उघडा असेल ते सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघी पहाटेपासून खाडीवर उभ्या होतो. बायका घमेली घेऊन थांबल्या होत्या. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, पाणी परत चढायला लागलं, तरी कोणी आलं नाही. साहेबांच्या गाड्या आल्या तेव्हा पाणी काठाला टेकलं होतं. साहेब खाडीकडे पाहून म्हणाले, "वा, काय सुंदर जागा आहे!" मग म्हणाले, "नमुन्यांचं आम्ही बघतो मॅडम, तुम्ही उन्हात थांबू नका." आणि गाड्या शहराकडे वळल्या.

पुढे अहवाल आला. आडवण्याच्या तिसऱ्यांत सगळ्या खाड्यांच्या खुणा सापडतात, त्यांचा वेगळा असा गट नाही, आधीच्या अभ्यासात नमुने हाताळताना मिसळले गेले असण्याची शक्यता आहे. हाताळताना मिसळले! जी बाई दोन तुकडे एका चिमट्याने उचलू देत नसे, चिमटा प्रत्येक वेळी ज्योतीवर धरायला लावी, तिला असं लिहून आलं. तो अहवाल वाचताना माझे कान तापले होते. बाई मात्र शांत होत्या. त्या दिवशी त्यांनी सगळं काम पहिल्यापासून परत तपासायला घेतलं. आपलंच चुकलं असेल, असं त्यांना खरोखर वाटलं होतं. याचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

खरं कळलं ते बाजारात. आमची शेजारीण मासळी आणायला निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर गेले होते, तर ओळखीची कोळीण मला म्हणाली, "तुमच्या त्या सायबांनी माझ्याकडनंच तिसऱ्या नेल्यान की. गाडी थांबवलान, कुटल्या म्हणून इचारलान. मी म्हटलं आडवण्याच्या."

"होत्या आडवण्याच्या?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगो, मी काय टोपलीत पाटी लावते? सगळ्याच आडवण्याच्या!"

मी तिथून धावतच कॉलेजला गेले.

योजनेच्या पुढच्या बैठकीत बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी हे सगळं सांगितलं. भरतीच्या वेळेसकट. साहेब न चिडता म्हणाले, "ठीक आहे, बाजारातून घेतल्या असतील. पण विकणारीनेच सांगितलं ना, आडवण्याच्या म्हणून? स्थानिक माणसावर आपण विश्वास ठेवायला नको का?" यावर लोक हसले. चांगली शिकलेली माणसं, हसली. बाईंनी चष्मा काढला. त्या काय बोलल्या ते मला शब्दशः आठवत नाही, पण एवढं आठवतं की त्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला आणि त्यांनी एकही शब्द वावगा वापरला नाही. त्या म्हणाल्या की तुम्हाला चिखलात उतरायचं नव्हतं म्हणून तुम्ही टोपली तपासलीत, आणि टोपलीवरून खाडीचा निकाल लावताय. परत या, ओहोटीला या, मी तुमच्या हाताने काढून घेते. "परत तपासा, एवढंच मागते. त्यात तुमचं काय जातं?"

साहेब म्हणाले, "मॅडम जरा भावनाप्रधान आहेत." इतिवृत्तात तेवढंच आलं. बाईंचं बोलणं आलं नाही.

बीज सोडायचा समारंभ झाला. मांडव, नारळ, हारतुरे, भाषणं. पिशव्या फोडून बीज ओतलं तेही कुठे, तर जिथून फोटो चांगला येतो तिथे, मूळच्या तिसऱ्यांच्या डोक्यावर, एकाच ठिकाणी ढीगभर. बाई गेल्या नाहीत. मी गेले, आणि परत आल्यावर त्यांनी विचारलं, "दाट ओतलं का गो?" मी हो म्हटलं.

पावसाळ्यात खाडी गोडी झाली. बाहेरचं बहुतेक बीज मेलं आणि चिखलात कुजलं. त्याच्याखाली होत्या त्या आडवण्याच्या तिसऱ्याही गुदमरून गेल्या. गावात दुर्गंधी सुटली. थोडं जे जगलं त्याचे नमुने आम्ही पुढच्या हंगामात तपासले. पट्ट्या सरमिसळ झाल्या होत्या. आता खरोखरच कोणी म्हणालं असतं की आडवण्याचा वेगळा गट नाही, तर ते बरोबर ठरलं असतं. साहेबांचा अहवाल खोटा होता, त्यांनी तो खरा करून दाखवला. पुढच्या पावसाळ्यानंतर बायकांनी चिखलात उतरणं सोडलं. हाताला रिकाम्या शिंपल्याच लागत होत्या.

साहेबांची बढती झाली. हे सांगायचं राहून जायला नको.

एका दुपारी शेवंताकाकी आणि गावातल्या आणखी काही बायका कॉलेजात आल्या. शिपाई त्यांना आत सोडेना, तेव्हा बाई स्वतः फाटकापर्यंत जाऊन त्यांना घेऊन आल्या. प्रयोगशाळेत खुर्च्या असून त्या उभ्याच राहिल्या. काकीने भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. बाटल्या रांगेने होत्या, पेन्सिलीने आडवणे लिहिलेल्या.

"बाय, आमच्या तिसऱ्या हायेत ना तुमच्याकडं अजून?"

"आहेत काकी."

"त्या सोडा की परत खाडीत."

बाई काही म्हणायच्या आत काकीच पुढे बोलली, "मेलेल्या हायेत, ठावं हाय मला. येडी नाय मी. पण तुमीच म्हणला व्हतात, सगळं लिवलेलं असतं आत. तर त्यावरनं परत करता येतात का, म्हणून इचारायला आलो. काय तरी करता येत असेल तर करा."

मला वाटलं, बाई आता साहेबांवर भडकतील, सरकारवर भडकतील, निदान माझ्यावर तरी. त्या भडकल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नाही हो काकी, करता येत नाही." मग त्यांनी ते आणखी एकदा सांगितलं, कारण बायका हलत नव्हत्या. काकीने मान हलवली. निघताना तिने एक बाटली हातात घेतली, पदराने पुसली आणि होती तिथे ठेवली. बाई त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडून आल्या, आणि आल्यावर प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. मी बाहेर बाकावर बसून राहिले. आतून रडण्याचा आवाज येत होता, आणि मधेच काहीतरी जोराने टेबलावर आपटल्याचा.

निवृत्तीनंतर बाई राजिवड्याच्या वाटेवरच्या घरात भावाकडे राहत. तब्येत खालावली होती. मी जात असे. कधी एखादा जुना सहकारी आलेला असे आणि तो समजावत असे, बाई, झालं ते झालं, आता राग सोडून द्या, ब्लडप्रेशर वाढतं. एकदा अशाच कोणाला त्या म्हणाल्या, "सोडते की. पण ठेवू कोणाकडे? तुमच्याकडे ठेवला तर तुम्ही उद्या विसराल." तो गृहस्थ चहा न पिताच उठला. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आडवण्याला जातेस का गो अधूनमधून?" मी म्हटलं, जाते. "काही लागतं हाताला?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलून त्यांना बरं वाटलं नसतं.

बाई गेल्या त्या पावसाळा संपतासंपता. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा होती आणि प्रमुख वक्ते म्हणून कोणाला बोलावलं असेल? साहेबांना. ते आता मोठ्या पदावरून निवृत्त होऊन सल्लागार झाले होते. आवाज तसाच गोड. म्हणाले, बाई म्हणजे कोकणचा फणस, बाहेरून काटे आणि आतून गरे. म्हणाले, आमचे मतभेद झाले, पण ते वैचारिक होते. म्हणाले, त्यांच्या रागातही माया होती. लोक माना डोलवत होते. कोणीतरी डोळेही टिपले.

मला ते ऐकवेना. बाई फणस नव्हत्या. बाई आतूनही रागावलेल्याच होत्या, शेवटच्या दिवसापर्यंत, आणि त्यांचा राग बरोबर होता. तो मायेचा वगैरे नव्हता. एका माणसाला चिखलात पाय घालायचा कंटाळा आला म्हणून एक खाडी गेली, त्याचा होता. शेवटच्या रांगेत आडवण्याच्या बायका बसल्या होत्या. शेवंताकाकी त्यांच्यात नव्हती, ती आधीच गेली होती. त्यांच्यापैकी कोणाला बोलायला सांगायचं सूत्रसंचालकाच्या मनातही आलं नव्हतं.

माझं नाव यादीत नव्हतं. मी उठून व्यासपीठावर गेले, माइकपाशी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही आलात तेव्हा भरती होती." मग मी सगळं सांगितलं. आम्ही पहाटेपासून कशा उभ्या होतो, गाड्या कुठे वळल्या, तिसऱ्या कोणाच्या टोपलीतून घेतल्या, आणि त्या टोपलीवरून बाईंना काय लिहून पाठवलं. साहेब घड्याळ बघायला लागले. प्राचार्य माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वृंदाताई, शोकसभा आहे, आवरा." मी आवरलं नाही. कोणीतरी माइक बंद केला. मी आवाज चढवला आणि उरलेलं सांगितलं.